दोन वरकुटे आणि एक ‘लेटेस्ट’

इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची दोन गावं आहेत, एक बुद्रुक आणि एक खुर्द. शिवाय तिकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात वरकुटे-मलवडी आहे. माझ्या लहानपणी पाहुण्यांची पत्रं भलत्याच वरकुट्यात जायची आणि फिरून फिरून आमच्याकडे यायची. एकदा मामूंच्या घरच्या निकाहची दावत निकाह होऊन गेल्यावर पोहोचली. पोस्टमन अब्बांना सांगायचे, “मुलाणी, नुसतं वरकुटे लिहून भागत नाही. पुढचं लिहायला सांगत जा पाहुण्यांना.”

नावापुढचं लिहिणं किती महत्त्वाचं असतं, हे मला पुढे सॉफ्टवेअरच्या नोकरीत बरीच वर्षं काढल्यावर समजलं. तेही चारचौघांत मान खाली घालून.

पुण्यात नोकरी करता करता मी गावच्या दूध संकलन केंद्रासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर मोजले जातात, फॅट आणि एसएनएफ तपासलं जातं, दरपत्रकावरून भाव लागतो आणि दहा दिवसांनी बिल होतं. पूर्वी हे सगळं वहीवर चालायचं. केंद्र चालवणारे तात्या माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. ते म्हणाले, “तू एवढा कंपूटरवाला, आमचं एवढं करून दे.” मी करून दिलं. ते बुद्रुकच्या केंद्रात चाललं, म्हणून खुर्दच्या केंद्रानेही मागितलं. पैसे घेतले नाहीत. गावाचं काम म्हणून केलं, आणि खरं सांगायचं तर थोडं मिरवण्यासाठीही केलं.

आता थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. प्रोग्राम एका मशीनवर लिहायचा आणि दुसऱ्यावर चालवायचा म्हटलं की शंभर अडचणी येतात. इथे पायथॉनची आवृत्ती वेगळी, तिथे एखादी लायब्ररीच नाही. यावर उपाय म्हणजे कंटेनर. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका पेटीत भरायचं, पेटी बंद करायची आणि पेटीच पाठवायची. बंद पेटीला इमेज म्हणतात. ती जिथे ठेवतात त्या गोदामाला रजिस्ट्री, आणि पेटीवरच्या चिठ्ठीला टॅग. २०१३च्या मार्चमध्ये सोलोमन हाइक्स यांनी कॅलिफोर्नियात पायकॉन परिषदेत डॉकर नावाचं हे साधन पाच मिनिटांत दाखवलं, आणि काही वर्षांत जगभरचे सॉफ्टवेअरवाले पेट्या भरायला लागले.

कंटेनर हा शब्द बंदरावरून आला आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. बारामती-इंदापूरची द्राक्षं आणि डाळिंबं थंड कंटेनरमधूनच न्हावा-शेव्याला जातात. माझा एक चुलत भाऊ काही वर्षं त्या ट्रेलरवर होता. तो सांगायचा की पॅकहाउसमध्ये दार बंद झालं की नंबर कोरलेलं सील ठोकतात आणि तो नंबर कागदावर लिहितात. बंदरात सील आणि कागद जुळला तर ठीक, नाहीतर गाडी बाजूला. “आत काय आहे ते मला माहीत नसतं, भाई. मला फक्त नंबर सांभाळायचा असतो.”

मी मात्र पेट्या भरत होतो आणि नंबर लिहीत नव्हतो. माझ्या लॅपटॉपवर एक आज्ञा देऊन इमेज बांधायची, दुसरी आज्ञा देऊन रजिस्ट्रीवर चढवायची, आणि टॅग दरवेळी एकच: ‘लेटेस्ट’. लेटेस्ट म्हणजे सगळ्यात नवं, असं वाटतं. पण तो फक्त एक शब्द आहे. ज्या पेटीवर तो शेवटी चिकटवला ती लेटेस्ट, आणि ज्याच्याकडे आधीचीच लेटेस्ट पडून आहे त्याचं मशीन मुद्दाम सांगितल्याशिवाय नवी मागायला जात नाही. नुसतं वरकुटे लिहिण्यासारखंच हे.

त्यात दोन केंद्रांची मशीन वेगळी. बुद्रुकला जुना इंटेलचा डेस्कटॉप होता. खुर्दला वीज सारखी जाते म्हणून बॅटरीवर चालेल असं रास्पबेरी पाय बसवलेलं. तळहाताएवढं ते यंत्र एआरएम चिपवर चालतं. इंटेलसाठी बांधलेली पेटी त्यावर उघडतच नाही, ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणून परत फिरते. म्हणून मी दोनदा बांधायचो. एआरएमची पेटी लॅपटॉपवर बांधायची म्हणजे क्यूएमू नावाचा नकली एआरएम उभा करावा लागतो, आणि तो बैलगाडीच्या चालीने चालतो. जिथे इंटेलला सहा मिनिटं लागायची तिथे याला तास-सव्वा तास.

१ जुलै २०२४ पासून दुधाचे दर बदलले. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला संघांनी आणि खासगी डेअऱ्यांनी ३० रुपये द्यायचे आणि वर सरकारचं ५ रुपये अनुदान, असं ठरलं. त्याआधी वर्षाच्या सुरुवातीच्या अनुदान योजनेत हा भाव २७ होता, आणि आमच्या केंद्रांवर तोच चालू होता. अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होणार होतं. पण मूळचे तीन रुपये केंद्राच्या बिलात दिसायला हवे होते. दुधाचा धंदा ज्याने केला आहे त्याला लिटरमागे तीन रुपये म्हणजे काय ते सांगायला नको. पेंडीचं पोतं त्यावर ठरतं.

३० जूनच्या रात्री मी पुण्यात बसून नवं दरपत्रक भरलं. इंटेलची इमेज बांधली, चढवली. एआरएमचं बांधकाम सुरू करून दिलं आणि झोपलो. पहाटे कधीतरी लॅपटॉपची बॅटरी संपली. सकाळी ऑफिसच्या गडबडीत मी दोन्ही केंद्रांना फोन केला, “मशीन बंद करून चालू करा.” दोन्हीकडून उत्तर आलं, “चालू झालं.” चालू तर होणारच. खुर्दला जुनीच पेटी होती, ती सुखाने पुन्हा उघडली.

दहा दिवस खुर्दला २७ने हिशेब होत राहिला.

११ तारखेला, गुरुवारी, बिलं वाटली. खुर्दच्या एक मावशी आहेत, दोन गायी, दिवसाला सरासरी अठरा लिटर. त्यांची लेक बुद्रुकला दिलेली. दोघींनी फोनवर पावत्या वाचल्या. मावशींचे दहा दिवसांचे १८० लिटर, तीन रुपयांनी ५४० रुपये कमी. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने आपापल्या पावत्या काढल्या. केंद्राचं रोजचं संकलन चारशे लिटरच्या आसपास, म्हणजे बारा हजार रुपयांचा फरक. डेअरीने केंद्राला ३०ने पैसे पाठवले होते आणि केंद्राने वाटले होते २७ने. आता हे बारा हजार कुणाच्या खिशात गेले, या प्रश्नाला गावात एकच उत्तर असतं. केंद्र चालवणारा बिचारा तरुण पोरगा. त्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज थरथरत होता. “भाऊ, माझ्या बापाला पारावर शिव्या दिल्या.”

मी मोटरसायकल काढली आणि रात्रीच निघालो. त्या दिवसांत तुकोबांची पालखी आमच्या भागातून पंढरपूरकडे सरकत होती आणि मोहरमचा चाँदही झाला होता. त्या वर्षी आषाढी आणि आशुरा एकाच दिवशी आले, १७ जुलैला. रस्त्यात ठिकठिकाणी मागे राहिलेले वारकरी झोपलेले. इतर वर्षी मी हे पाहून काहीतरी लिहिलं असतं. त्या रात्री माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: सकाळी पारावर कुणीतरी म्हणणार, “मुलाण्याच्या मशीनने पैसे खाल्ले.”

कुणी म्हटलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण अलीकडे अशा गोष्टी उलट घडल्या तरच लिहिल्या जातात. पण मी वाट पाहत होतो, हेही खरं आहे. वीस वर्षांपूर्वी माझ्या मनात हा विचार आलाच नसता.

घरी पोहोचलो तेव्हा अब्बा जागे होते. त्यांचं पूर्वी किराणा दुकान होतं. मी सगळं सांगितलं. नकली एआरएम, बॅटरी, लेटेस्ट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तेरे मशीन पर छाप कौन मारता?”

मला कळेना. मग ते उठले आणि कपाटातून दुकानाचं जुनं दोन किलोचं वजन काढून आणलं. लोखंडी वजनाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर वजनमाप निरीक्षकाची छाप. ठरावीक मुदतीने वजनं तपासून घ्यायची, बरोबर असतील तर नवी छाप. छाप जुनी झाली तर दुकानदार कितीही नमाजी असो, दंड. अब्बा म्हणाले, “मेरा काटा मैंच तपासता, ये नै चलता. तू बनाता, तूच भेजता, तूच बोलता बराबर है.”

कुरआनात मापात कमी देणाऱ्यांवर एक अख्खी सूरह आहे, मुतफ्फिफीन. अब्बांनी तिचं नावही घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, लहानपणी दुकानात बसून ती पाठ झालेली.

सकाळी आम्ही केंद्रावर गेलो. प्रत्येक खातेदाराच्या फरकाची यादी छापली आणि दारावर लावली. चूक माझी आहे, केंद्रवाल्याची नाही, हे मी त्याच्या वडिलांच्या शेजारी उभं राहून सांगितलं. पैसे त्याच दिवशी वाटले. मावशींनी ५४० रुपये दोनदा मोजले आणि म्हणाल्या, “लेका, मला मशीनचं काय कळत नाही. पण आता पुढच्या बिलाला मी कसं ओळखायचं, की आतलं बरोबर हाय?”

प्रश्न बिनतोड होता. ती इमेज बरोबर आहे का हे त्यांनाच काय, मलाही ओळखता येत नव्हतं.

पुण्याला परत येऊन मी इतर लोक हे कसं करतात ते वाचायला बसलो. लांब जावं लागलं नाही. मुंबईची फ्रॅपे ही कंपनी ईआरपीनेक्स्ट नावाचं हिशेब आणि व्यवहाराचं मुक्त सॉफ्टवेअर बनवते. रुषभ मेहतांनी २००८ साली सुरू केलेलं हे काम आज जगभर वापरलं जातं. त्यांच्या इमेज कशा बांधल्या जातात ती सगळी कृती ‘फ्रॅपे डॉकर’ या नावाने गिटहबवर उघडी ठेवलेली आहे, कुणीही वाचावी. तिथे माणूस लॅपटॉपवर पेटी भरत नाही. ईआरपीनेक्स्ट, पायथॉन, नोड अशा कशाच्या कोणत्या आवृत्त्या घ्यायच्या ते एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. गिटहबचं भाड्याचं मशीन ती फाइल वाचून इमेज बांधतं. पण बांधलेली इमेज लगेच जगाला देत नाहीत. आधी त्या मशीनवरच्याच एका तात्पुरत्या गोदामात ठेवतात, ती चालवून तिच्यावर चाचण्या घेतात, आणि त्या पास झाल्या तरच बाहेरच्या रजिस्ट्रीवर चढवतात. अब्बांच्या भाषेत, आधी काटा तपासायचा आणि मगच छाप मारायची.

मी तेच लहान प्रमाणात केलं. आता कोडमध्ये बदल करून मी त्याला आवृत्तीचा नंबर दिला की गिटहब ॲक्शन्सचं वर्कफ्लो जागं होतं. कोरं मशीन मिळतं, ज्यावर माझ्या लॅपटॉपचा कचरा नाही. ते कोड उतरवून घेतं, इमेज बांधतं, मग चाचणी. चाचणीत डेअरीने पाठवलेलं दरपत्रक एका बाजूला आणि प्रोग्रामने काढलेला भाव दुसऱ्या बाजूला, ओळीला ओळ जुळली पाहिजे. ३.५ आणि ८.५ला ३० रुपये आले नाहीत तर लाल फुली, काम तिथेच थांबतं. सगळं जुळलं तर इंटेल आणि एआरएम, दोन्ही पेट्या एकाच नावाखाली, एकाच वेळी चढतात. दोन्ही तयार नसतील तर एकही चढत नाही. मशीनला आपली पेटी आपोआप निवडता येते. रजिस्ट्रीत शिरायची किल्लीही माझ्याकडे नसते. त्या कामापुरती किल्ली तयार होते आणि काम संपलं की निकामी होते.

क्यूएमूची बैलगाडी मात्र बरेच दिवस चालू होती. जानेवारी २०२५मध्ये गिटहबने खुल्या प्रकल्पांना खरी एआरएम मशीन फुकट द्यायला सुरुवात केली, तेव्हा तासाचं काम चार-पाच मिनिटांवर आलं. फुकट गोष्टींवर फार विसंबू नये हेही सांगून ठेवतो. डॉकर हबवर पूर्वी अशा इमेज आपोआप बांधण्याची सोय फुकट होती. लोकांनी त्या मशीनवर चोरून क्रिप्टोचलन खणायला सुरुवात केली आणि २०२१च्या जूनमध्ये ती फुकट सोय बंद झाली. म्हणून माझी बांधकामाची कृती मी शक्य तितकी एका साध्या फाइलमध्ये ठेवली आहे. उद्या गिटहब नसलं तर दुसरीकडे नेता यावी.

लेटेस्ट हा शब्द मी काढून टाकला. केंद्रावरच्या फाइलीत पूर्ण नंबर लिहिलेला असतो, आणि शेजारी इमेजचा डायजेस्ट. हा डायजेस्ट म्हणजे चुलत भावाचं सील. पण त्याहून पक्कं, कारण तो नंबर कुणी बाहेरून देत नाही, आतल्या मालावरूनच निघतो. आतलं एक अक्षर बदललं तर नंबर बदलतो.

हे सगळं करताना एक गोष्ट सापडली, जी मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती.

वर्कफ्लो लिहिताना मी जुनी इमेज उघडून तिचे थर पाहिले. इमेज थराथरांनी बनते. प्रत्येक पायरीचा एक थर, आणि वरच्या थरात एखादी फाइल पुसली तरी खालच्या थरात ती तशीच राहते. माझ्या जुन्या कृतीत एक आळशी ओळ होती: या फोल्डरमधलं सगळं उचल आणि आत टाक. त्या ‘सगळ्या’त चाचणीसाठी आणलेली बुद्रुकच्या खातेदारांची खरी यादी होती. नावं आणि मोबाइल नंबर. आणि रजिस्ट्री खुली होती. वर्षभर जगातला कुणीही ती पेटी उतरवून घेऊ शकत होता.

कुणी उतरवली असेल असं वाटत नाही. बारा-पंधराशे किलोमीटरवरच्या माणसाला आमच्या गावातल्या दूधवाल्यांच्या यादीचं काय काम? पण हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणत होतो. मी जुन्या सगळ्या इमेज काढून टाकल्या, वगळायच्या फाइलींची यादी लिहिली, खऱ्या नावांच्या जागी बनावट आकडे घातले. काम संपलं होतं. पैशांचा प्रश्न नव्हता, कुणाला कळलंही नसतं.

पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा तात्यांना सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं. “म्हंजे आमचे फोन नंबर लोकांना गेले?”

“गेले असतील. नक्की सांगता येत नाही.”

“तरीच रोज लोनवाल्याचा फोन येतो व्हय!” आणि हसायला लागले. लोनवाल्यांचे फोन सगळ्यांनाच येतात, त्याचा या यादीशी संबंध असेलच असं नाही. पण नसेलच, असंही मला म्हणता येईना. मी हसू शकलो नाही. तात्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “जाऊ दे. सांगितलंस ना.” मग केंद्रावर दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनीच सांगितलं, दोन दिवस. दोघे-तिघे माझ्यावर चिडले. एकाने आपलं खातं वहीवरच ठेवा म्हणून सांगितलं आणि ते अजून वहीवरच आहे.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पावतीच्या तळाशी मी दोन ओळी वाढवल्या. प्रोग्रामची आवृत्ती, आणि कोणत्या तारखेचं दरपत्रक. दोन्ही केंद्रांच्या पावत्यांवर त्या ओळी सारख्याच असायला हव्यात. मायलेकी दर दहा दिवसांनी फोनवर त्या वाचून जुळवतात. गिटहबच्या चाचणीनंतरची ही दुसरी चाचणी, आणि मला तिचीच जास्त धास्ती असते.

१ ऑक्टोबरपासून दर पुन्हा बदलले. मूळ भाव २८ आणि अनुदान ७. मी आकडा बदलला, नंबर दिला, आणि लाल फुली आली. चाचणीतलं दरपत्रक जुनंच होतं, ३०चं. म्हणजे फुली बरोबर होती. डेअरीचा नवा कागद मागवला, चाचणीत भरला, पुन्हा पाठवलं. रात्री पावणेबाराला हिरवी खूण आली. दोन्ही केंद्रांना आवृत्तीचा नंबर व्हॉट्सॲपवर कळवला आणि पडद्यावर दिसणाऱ्या नंबरचा फोटो परत मागवला. दोन्ही फोटो आले. नंबर जुळला.

११ ऑक्टोबरला मावशींचा फोन. “मुलाणीभाऊ, खालच्या ओळी लेकीच्या पावतीशी जुळल्यात. पर भाव दोन रुपयांनी कमी लागलाय. तुझं मशीन पुन्हा बिघडलं काय?”

“नाही मावशी, मशीन बरोबर आहे. भावच कमी झालाय. बाकीचं अनुदानात येणार.”

“कधी?”

ते मला सांगता आलं नाही.